ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी प्रोसेसर तपासा
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नव्या ग्राफिक्स कार्डाची चौकशी करण्यापूर्वी गेम नेमका कशामुळे अडखळतो, हे घरीच तपासावे. गेमच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक (फ्रेमचा, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चित्रांचा, वेग पडद्याच्या वेगाशी बांधून ठेवणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद करून रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. चित्र धूसर होऊनही दर सेकंदाच्या फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या, तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा असतो, कारण पिक्सेल रंगवण्याचे काम हलके होऊनही काही लाभ झालेला नसतो.

'सिटीज: स्कायलाइन्स'सारख्या शहर उभारण्याच्या गेममध्ये हजारो नागरिकांचे आणि वाहनांचे मार्ग सतत ठरवावे लागतात (संध्याकाळच्या दादर स्थानकातील प्रत्येकाची वाट आखून देण्यासारखेच हे काम), आणि त्यातील बरीच गणिते एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे ती सगळ्या कोअरमध्ये (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे गणिते करणाऱ्या भागांमध्ये) सारखी वाटता येत नाहीत. एखादा कोअर पूर्ण व्यापलेला असताना बाकीचे मोकळे राहू शकतात, म्हणून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दिसला, तरी त्यावर विसंबू नये. ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत बराच कमी राहणे, ही माझ्या मते अधिक भरवशाची खूण आहे.

अशा गेमसाठी कोअरच्या संख्येपेक्षा प्रत्येक कोअरचा वेग आणि कॅशे (प्रोसेसरमधलीच अतिजलद मेमरी) पाहावा. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅशे आहे आणि बायोस (मदरबोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यास हा प्रोसेसर एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची खाच) असलेल्या अनेक जुन्या मदरबोर्डांवर बसतो.