आंदोलनातून बेकायदा अटक झाली, तर पोलिसांना जाब कसा विचारावा

मोर्चातून उचलून पोलीस व्हॅनमध्ये बसवलं की आधी वेळ बघा. फोन काढून घेण्याआधी घरच्यांना किंवा वकिलाला मेसेज टाका, "सकाळी ११.२०, कलेक्टर कचेरीसमोरून उचललं." फोन हातात नसेल तर बॉलपेनने तळहातावर लिहा. पुढे जे काही भांडायचं ते याच वेळेच्या जोरावर.

अकराला उचललेल्या माणसाची अटक कागदावर संध्याकाळी सहाला दाखवली, की दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचे २४ तास सहापासून मोजले जातात. मधल्या वेळेबद्दल विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, "अटक कुठे केलीय, नुसतं ताब्यात घेतलंय." हे मान्य करू नका. माणसाला जाऊ न देता अडवून ठेवलं, तिथूनच अटक सुरू होते, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटलं आहे.

ठाण्यात गेल्यावर कोणत्या कलमाखाली आणलं ते विचारा आणि अटकेची कारणं लेखी मागा. प्रतिबंधात्मक अटक असेल तर बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७० (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५१) सांगतील. दखलपात्र गुन्ह्याचा, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याचा, बेत असेल आणि अटकेशिवाय तो टळणारच नसेल, तरच ते लागू होतं. शांतपणे घोषणा देणाऱ्याला ते लावलं असेल, तर तक्रारीतला पहिला मुद्दा हाच. गुन्हा दाखल केला असेल आणि त्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा असेल, तर हजर राहण्याची नोटीस देऊन का भागलं नाही, हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात हे बजावलं आहे.

अटक पंचनाम्यावर सही करण्याआधी त्यावरची वेळ वाचा. चुकीची असेल तर सहीशेजारीच खरी वेळ लिहा. घाईत, दमलेल्या अवस्थेत कोऱ्या कागदावर सही करू नका. मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना प्रत्येक वळ दाखवा आणि अहवालाची प्रत घ्या.

दंडाधिकाऱ्यांसमोर वकील असले तरी स्वतः बोला. कधी उचललं, कारणं दिली का, हात उचलला का, एवढंच सांगा आणि ते रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) नोंदवण्याची विनंती करा. इथे भीतीने गप्प राहिलेल्यांना पुढे "तेव्हाच का नाही सांगितलं" हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात माहिती अधिकारात त्या दिवसाची स्टेशन डायरी आणि सीसीटीव्ही चित्रण मागा. ठाण्यातलं चित्रण किमान वर्षभर जपण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. नकार आला तर तोही जपून ठेवा. मग पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रागाच्या भरात चार पानं लिहू नका, वेळेनुसार दहा ओळी पुरतात.

महाराष्ट्रात याच्या वरचं दार म्हणजे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. २०१४ च्या कायदादुरुस्तीनुसार त्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती असतात आणि कार्यपद्धती न पाळता केलेली अटक हा त्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत जावं लागतं. मात्र आयोगाच्या हाती मुख्यतः शिफारशी असतात. भरपाईचा थेट आदेश हवा असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करा. जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंह यांना विधानसभेत पोचू नये म्हणून अटक झाली होती. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५०,००० रुपये भरपाई द्यायला लावली.

संबंधित अधिकाऱ्यावर खटला भरायचा विचार असेल तर पहिल्या महिन्यातच वकील गाठा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ मधली सहा महिन्यांची मुदत आडवी येते आणि सरकारच्या मंजुरीचा प्रश्नही तिथेच उभा राहतो.