तळपायाच्या जखमेवर कोलॅजन लावायला जाण्याआधी

मागच्या खेपेला मी माती खाल्ली, म्हणून ही यादी. ग्लोव्हज, गॉज, निर्जंतुक सेट, चिकटपट्टी हे सांगत बसत नाही. सगळ्यात आधी गाडीत कुबड्या टाका. हो, कोलॅजनच्याही आधी, म्हणजे जखम भरायला वर लावतात त्या जनावराच्या प्रथिनाच्या पातळ शीटच्याही आधी.

झालं असं की वस्तीतल्या एका आजोबांच्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढी जखम होती. स्वच्छ, लाल, भरायला लागलेली. त्यावर छान शीट बसवली, फोटो काढला आणि आजोबांना चालत घरी पाठवलं. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तर शीट भिजलेल्या पापडासारखी गोळा होऊन बोटांच्या बेचक्यात जाऊन बसलेली, आणि जखमेतलं नवं मांस चेचून काळंनिळं. वर मीच विचारलं, "आजोबा, दुखलं कसं नाही?" कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्या माणसाला! ते नुसते हसले.

१९४६ साली वेल्लोरला आलेल्या सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच तर दाखवून दिलं होतं. कुष्ठरोगाचे जंतू मांस खातात म्हणून ही जखम होत नाही. बधिर पायावर एकाच जागी भार पडत राहतो म्हणून होते. एमडीटीचा, म्हणजे कुष्ठरोगाच्या एकत्र औषधांचा, कोर्स संपून वर्षं लोटली तरी मेलेली नस काही परत येत नाही. तेव्हा पायावरचा भार काढला नाही, तर कोलॅजन गुरांचं लावा नाहीतर माशांचं, पैसे पाण्यात.

नुसत्या कुबड्या आणून भागत नाही. हात बघा. बोटं वाकडी आणि तळहातही बधिर असला तर कुबडीच्या मुठीने दोन दिवसांत फोड येतो, म्हणजे पायाची जखम जाईपर्यंत हाताची तयार. मुठीला जाड फोम आणि वरून सुती कापड गुंडाळून न्या. उंची माणसाला उभं करून लावा, अंदाजाने नको. पायाला सगळीकडून बसणारं प्लास्टर घालता आलं तर फारच बरं, पण ते पू असलेल्या जखमेवर चालत नाही आणि बांधणारा हात सरावाचा लागतो.

मग जखम. वास, हिरवट पू, पाय गरम किंवा सुजलेला असेल तर शीटचं पाकीट फोडूच नका. बोथट सळई घालून बघा. टक्कन हाडाला लागली तर एक्स-रे आणि मोठं रुग्णालय. साखर तपासा. कडेचा घट्टा ब्लेडने सपाट करा. दुखत नाही म्हणून न सांगता कापायला सुरुवात करू नका, माणूस बघत असतो. रक्त थांबू द्या.

शीट कशापासून केलेली आहे हे आधी सांगा. काहींना गुरांचं चालत नाही, आणि ते पट्टी बांधून झाल्यावर कळलं तर तुमची चूक. ओली शीट अल्कोहोलच्या द्रावात येते, सलाइनमध्ये नीट खळबळून घ्या. त्यासाठी सलाइनची एक बाटली जास्तीची. शीटला दोन-चार भोकं पाडा म्हणजे खालचा स्राव अडकणार नाही. हवेचे बुडबुडे बोटाने दाबून काढा.

पुढचं थोडक्यात. वरचं गॉज बदलायचं, चिकटलेली शीट ओढायची नाही. पाय भिजवायचा नाही. रात्री पायाशी उंदीर येतात का ते विचारा, हसू नका; बधिर पाय कुरतडला तरी कळत नाही. जखम भरली की एमसीआरची, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल, माप आजच घेऊन ठेवा. पुढची तारीख कार्डावर.

आणि परतीच्या रिक्षाला सुटे पैसे. कुबड्या असल्या तरी स्टँडपर्यंत दोन किलोमीटर कोण चालणार आहे?