जुनी एस-क्लास बघायला सकाळीच जा

2010 मध्ये औरंगाबादकरांनी मिळून 150 मर्सिडीज घेतल्या, तेव्हापासून मराठवाड्यात या गाड्यांचं फारसं अप्रूप राहिलं नाही. आता मर्सिडीजची एस-क्लास ही आलिशान गाडी जुनी घेतली तर नव्या एसयूव्हीच्या भावात मिळते. घ्यायचीच असेल तर बघायला सकाळी लवकर जा, आणि रात्रभर गाडी हलवू नका असं मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

या गाडीत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचं सस्पेन्शन असतं. हवेचा फुगा गळत असेल तर रात्रीतून एखादा कोपरा खाली बसतो. इंजिन चालू केलं की कॉम्प्रेसर तो पुन्हा उचलतो, म्हणजे दुपारी दाखवलेली गाडी सरळच दिसणार. गळती तशीच ठेवली तर कॉम्प्रेसर सारखा चालून तोही जातो. इंजिनाचा आवाजही गार असतानाच ऐका. बोनेट आधीच गरम लागलं, म्हणजे गाडी चालू करून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

गाडीचा भाव उतरतो, सुट्या भागांचा नाही. ते दीड-दोन कोटींच्या गाडीचेच राहतात. आपला नांदेड-लातूरचा मिस्त्री कितीही हुशार असो, बिघाड वाचायला त्या कंपनीचा स्कॅनर लागतो; पैसे मोजून तपासणी करून घ्या.

दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं धरूनच सौदा करा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा फॉर्म 35 (बोजा उतरल्याचा कागद) हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.