नव्या कर्मचाऱ्याचा पहिला महिना कसा सांभाळावा

नवा कर्मचारी रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात त्याला फोन करावा आणि कोणत्या गेटने यायचे, कोणाला भेटायचे, कंपनीची बस कोणत्या थांब्यावर किती वाजता येते आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते, हे नीट सांगावे. सुट्टीचा वार सांगणे अनावश्यक वाटेल. परंतु पुण्याजवळच्या भोसरी-चाकण भागातील बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, हे लातूर किंवा जळगावहून आलेल्या मुलाला ठाऊक नसते आणि तो रविवारी गावी जाण्याचे तिकीट काढून बसतो.

कागदपत्रे घेताना नावाकडे विशेष लक्ष द्यावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधार कार्डावर ते बहुधा शेवटी असते, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या आधार, पॅन व बँक खात्यावर कधी कधी वेगवेगळी नावे आढळतात. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतील नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळली नाही, तर पुढे पैसे काढताना त्या माणसाला हेलपाटे घालावे लागतात, म्हणून हा फरक पहिल्याच दिवशी दाखवून द्यावा. त्याने पूर्वी एखाद्या कंत्राटदाराकडे काही महिने जरी काम केले असेल, तरी त्याचा यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा सदस्य क्रमांक, निघालेला असू शकतो. नोकरी बदलली तरी हा क्रमांक तोच राहतो, तेव्हा आधी जुन्या क्रमांकाची चौकशी करावी.

सर्वांत जास्त वेळ मात्र पगाराविषयी बोलण्यास द्यावा. मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो, तेथे पगारासाठीची हजेरी २० तारखेला बंद होत असे (नंतरचे दिवस पुढच्या पगारात धरले जात) आणि पगार ७ तारखेला जमा होत असे. नांदेडहून आलेला एक मुलगा २३ तारखेला रुजू झाला. त्याचा पहिला पगार पुढच्या नव्हे, तर त्याच्याही पुढच्या महिन्यात होणार, हे त्याला कोणीच सांगितले नाही. मीही सांगितले नाही. ७ तारखेला खात्यात काही आले नाही, ८ तारखेला तो कामावर आला नाही आणि नंतर फोनही उचलला नाही. कॉट बेसिसवरच्या, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेपुरत्या भाड्याने घेतलेल्या, जागेची अनामत आणि मेसचे आगाऊ पैसे भरून त्याचा हात रिकामा झाला होता, हे मला त्याच्या शेजारच्या कॉटवरील मुलाकडून नंतर कळले. तेव्हापासून मी रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पगाराची तारीख आणि अंदाजे रक्कम कागदावर लिहून देतो, आणि कोणी २० तारखेनंतर येत असेल, तर उचल मिळण्याची व्यवस्था आधीच करून ठेवतो. हातात प्रत्यक्ष किती येणार, हेही तेव्हाच समजावून सांगावे. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या साधारणतः १२ टक्के रक्कम भविष्य निर्वाह निधीत जाते, आणि व्यवसाय कर लागू असल्यास नेहमीच्या वेतनश्रेणीत दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. या कपातीची माहिती नसलेला माणूस पहिली वेतनचिठ्ठी पाहून आपली फसवणूक झाली असे समजतो, आणि ते समजणे स्वाभाविक आहे.

काम शिकवण्यासाठी सुपरवायझरवर विसंबू नये, कारण त्याला तेवढा वेळ नसतो. त्याच पाळीत, त्याच प्रकारच्या मशीनवर दोन-तीन वर्षे काम केलेला एक सोबती नेमून द्यावा आणि पहिल्या दोन आठवड्यांपुरते त्या सोबत्याचे स्वतःचे उत्पादनाचे लक्ष्य कमी करावे. हे केले नाही, तर शिकवण्यात गेलेला प्रत्येक तास त्याला नुकसानीचा वाटतो, आणि तो नव्या माणसाला नुसते पाहत उभा राहायला सांगतो. सुरक्षेचे नियम मात्र सर्वांसमोर एकदा वाचून दाखवणे पुरेसे नसून, आपत्कालीन बटण कोठे आहे हे दाखवून नव्या माणसाला ते स्वतःच्या हाताने दाबून पाहू द्यावे.

स्त्री कर्मचाऱ्यांना दुसऱ्या पाळीनंतर परतण्याच्या वाहनाची वेळ आणि चालकाचा क्रमांक पहिल्या दिवशीच द्यावा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावे फलकावर लावून थांबू नये, तर किमान एका सदस्येशी समक्ष ओळख करून द्यावी.

पहिल्या आठवड्याच्या आणि पहिल्या महिन्याच्या शेवटी नव्या कर्मचाऱ्याशी एकांतात बोलावे. ‘काही अडचण आहे का?’ असे विचारले, तर ‘नाही साहेब’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी जेवणाची सोय कोठे झाली, ड्रॉइंग वाचताना कोणत्या मापाशी अडते, ओव्हरटाइमला नाही म्हणता येते का, असे नेमके प्रश्न विचारावेत, आणि त्याने सांगितलेली एखादी तरी अडचण पुढच्या भेटीपूर्वी सोडवून ठेवावी.