दोन-चार महिने बाहेर जाताना ईव्ही कशी उभी करून ठेवावी

मुलांकडे अमेरिकेला किंवा जर्मनीला तीन-चार महिने जाणारी मंडळी नाशिकमध्ये कमी नाहीत, आणि आता त्यांच्यापैकी अनेकांच्या पार्किंगमध्ये ईव्ही असते. निघताना त्यांना जे सल्ले मिळतात ते मात्र पेट्रोल गाडीचे.

मोठ्या बॅटरीचं काम सोपं आहे. चार्ज 50 टक्क्यांच्या आसपास आणा आणि प्लग काढा. 100 टक्के भरलेली बॅटरी एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात महिनोन्‌महिने पडून राहिली की सेल लवकर थकतात. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या सेलना अधूनमधून 100 टक्के चार्ज लागतो हे खरं, पण तो रोजच्या वापरात. ‘चार्जर लावूनच जा’ हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ऐका. वळवाच्या विजा आणि लाइटची ये-जा असताना घर बंद करून चार्जर जोडलेला ठेवायला मी कुणालाही सांगणार नाही. चार्जरचा एमसीबी (बोर्डातला सुरक्षा स्विच) खाली पाडा.

टायरमध्ये तीन-चार पीएसआय हवा जास्त भरा. गोदाकाठच्या भागात बेसमेंट पार्किंग असेल तर पावसाळ्यापुरती गाडी वरच्या जागेत हलवा. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली ते सगळं गाव बघतं, पण तुमचं बेसमेंट बघायला तुम्ही इथे नसाल.

आता खरी अडचण. गाडीत आणखी एक बॅटरी असते, 12 व्होल्टची. कुलूप, स्क्रीन, कंट्रोलर सगळं तिच्यावर चालतं, आणि मोठी बॅटरी गाडीला जोडणारा स्विचसुद्धा तिच्याच जोरावर ओढला जातो. ती बसली की मोठी बॅटरी अर्धी भरलेली असूनही गाडी मेलेली. रिमोटने दार उघडत नाही, चार्जिंग सुरू होत नाही, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सुटत नाही, त्यामुळे ढकलताही येत नाही. मला सर्वांत जास्त छळलं ते याच बॅटरीने, म्हणून इथे घाई करू नका.

काही गाड्या झोपेतही मधूनमधून मोठ्या बॅटरीतून छोटी भरून घेतात, पण त्यावर महिनोन्‌महिने विसंबू नका. तिला खाणारे चोर आधी ओळखा: ओबीडी पोर्टमध्ये (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) खोचलेला ट्रॅकर, कायम चालू असलेला डॅशकॅम, पार्किंगला लागून असलेल्या भिंतीवर टांगलेली स्मार्ट चावी. आणि न्यू जर्सीत बसून रोज ॲप उघडणं! दर वेळी ‘चार्ज किती’ विचारलं की गाडी जागी होते. शेजाऱ्याने आठवड्यातून पाच मिनिटं गाडी चालू करूनही भागत नाही. गाडी नुसती चालू केली आणि स्क्रीनवर ‘रेडी’ (चालवायला तयार) आलं नाही, तर बहुतेक गाड्यांत छोटी बॅटरी भरत नाही, उलट आणखी उतरते. ‘रेडी’मध्ये तासभर ठेवणारा भरवशाचा माणूस असेल तर उत्तम.

नसेल तर या 12 व्होल्टच्या बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून जाणं हा माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय. मॅन्युअलमध्ये मनाई नाही ना, ते आधी पाहा. मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, 12.4 च्या खाली असेल तर आधी भरून घ्या.

काढताना क्रम चुकला तर स्वतःच्याच गाडीबाहेर अडकाल. आधी रिमोटमधली लोखंडी चावी काढून ड्रायव्हरचं दार तिने प्रत्यक्ष उघडून बघा; कित्येक गाड्यांत तिचं भोक हँडलच्या टोपणाखाली लपलेलं असतं. मग बॉनेट उघडा, दारं लावा, रिमोटने लॉक करा. बॉनेट उघडं असताना गाडी लॉक घेत नसेल तर आतल्या बटणाने लॉक करून ड्रायव्हरचं दार लोखंडी चावीने लावा. पंधरा-वीस मिनिटं थांबा, गाडीला झोपू द्या. बहुतेक गाड्यांत 10 नंबरचा पाना लागतो. टर्मिनल सोडवा, कापड गुंडाळून बाजूला सारा, बॉनेट हाताने दाबून बंद करा. केशरी वायरी मोठ्या बॅटरीच्या, जास्त व्होल्टेजच्या; त्यांना हात लावायचा नाही. पाना घरात ठेवा. डिकीत ठेवलात तर वीज नसताना अनेक गाड्यांची डिकी उघडत नाही.

परत आल्यावर लोखंडी चावीने दार उघडा, खटका ओढून बॉनेट उघडा, टर्मिनल घट्ट आवळा. अलार्म वाजला तर रिमोटने बंद करा. घड्याळ आणि काचांचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागेल. टायरची हवा उतरवून नेहमीची करा, घरच्या स्लो चार्जरवर गाडी भरा; एलएफपी असेल तर सलग 100 टक्क्यांपर्यंत, म्हणजे टक्क्यांचा आकडा पुन्हा खरा दाखवेल. पहिल्या एक-दोन किलोमीटरला ब्रेकमधून खरखर येईल. डिस्कवरचा गंज आहे तो. रस्ता मोकळा बघून चार-पाच वेळा नीट ब्रेक दाबलेत की निघून जातो.