पहिल्या वर्षाचं फिजिओलॉजी: एक आकडा हलवा आणि पुढे काय होतं ते सांगा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी फिजिओलॉजीत (शरीर कसं चालतं त्या विषयात) जी मुलं अडकतात, त्यांची चूक बहुधा एकच असते. अ‍ॅनाटॉमी (शरीररचना) जशी पाठ केली तसंच हेही पाठ करायला घेतात. पण इथे ‘हे काय आहे’ एवढ्यावर प्रश्न थांबत नाही. ‘हे वाढलं तर ते का कमी होतं’ असं विचारतात आणि तिथे पाठांतर हात देत नाही. म्हणून कोणतीही संस्था वाचायला बसताना कोरे कागद, पेन्सिल आणि एखादा आकडा समोर हवाच.

क्रम असा ठेवा: आधी नर्व्ह-मसल आणि रक्त, मग हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड. अ‍ॅक्शन पोटेन्शियल (पेशीतला विजेचा क्षणिक बदल) कच्चं राहिलं तर ईसीजी समजत नाही. फुप्फुसं आणि मूत्रपिंड दोन्ही झाल्याशिवाय आम्ल-अल्क संतुलन डोक्यात शिरत नाही. मज्जासंस्था शेवटच्या महिन्यावर ढकलू नका, ती सगळ्यात जास्त वेळ खाते.

हृदयाचं एक चक्र स्वतःच्या हाताने काढा. मिनिटाला ७५ ठोके म्हणजे एक चक्र ०.८ सेकंदाचं. १ सेंटिमीटर म्हणजे ०.१ सेकंद धरून ८ सेंटिमीटरची आडवी रेघ ओढा. वक्ररेषांच्या आधी झडपांच्या चार उभ्या रेघा मारा: ० वर मायट्रल (डाव्या खालच्या कप्प्यात रक्त आत सोडणारी) बंद, ०.०५ च्या आसपास एऑर्टिक (तिथून बाहेर सोडणारी) उघडी, ०.३ ला एऑर्टिक बंद, ०.३८ च्या सुमारास मायट्रल उघडी. मग वरून खाली एऑर्टाचा (मुख्य धमनीचा) दाब (८० ते १२० मिमी पारा), डाव्या व्हेंट्रिकलचा (खालच्या कप्प्याचा) दाब, व्हेंट्रिकलमधलं रक्त (१२० वरून ५० मिली), ईसीजी आणि हृदयाचे आवाज भरा. पहिला आवाज पहिल्या रेघेवर, दुसरा तिसऱ्या रेघेवर.

रक्ताची रेषा काढताना बहुतेकांचा हात चुकतो. व्हेंट्रिकल आवळायला लागलं की ती लगेच खाली आणतात. पण पहिल्या ०.०५ सेकंदात दोन्ही झडपा बंद असतात, रक्ताला बाहेर पडायला वाटच नसते. तेवढा भाग सपाटच हवा.

आता आकडा हलवा. ठोके २०० केले तर सिस्टोल (आवळण्याचा काळ) ०.३ वरून साधारण ०.१६ सेकंदावर येतो, डायस्टोल (सैल पडून भरण्याचा काळ) मात्र ०.५ वरून थेट ०.१४ वर. म्हणजे भरायची वेळच कापली जाते. डाव्या व्हेंट्रिकलच्या भिंतीला रक्त मुख्यतः डायस्टोलमध्ये मिळतं, त्यामुळे फार वेगाने धावणारं हृदय स्वतःच उपाशी राहतं. हे एकदा कागदावर दिसलं की विसरायला होत नाही.

श्वसनात हाच खेळ नुसत्या गुणाकाराने होतो. ५०० मिलीचा श्वास, मिनिटाला १२ वेळा: ६००० मिली. २५० मिलीचा उथळ श्वास, २४ वेळा: तरीही ६०००. पण प्रत्येक श्वासातले १५० मिली डेड स्पेसमध्येच (वायूंची अदलाबदल न होणाऱ्या श्वासनळ्यांत) राहतात. ते वजा केले की पहिल्याला अल्व्हिओलायपर्यंत (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत) ४२०० मिली हवा मिळते, दुसऱ्याला फक्त २४००. धापा टाकणारा रुग्ण भरपूर श्वास घेतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो कमी हवेवर चाललेला असतो.

मूत्रपिंडात १२५ मिली प्रतिमिनिट, म्हणजे दिवसाला १८० लिटर गाळलं जातं आणि लघवी होते साधारण दीड लिटर. बाकीचं कुठे, कशाबरोबर परत गेलं, हे नळीच्या एकेका भागापुढे लिहीत जा.

नियंत्रणाची साखळी मात्र तोंडाने म्हणायची. पुस्तक मिटा आणि मराठीत सांगा: माणूस झटकन उभा राहिला, रक्त पायांत साचलं, हृदयाकडे कमी परतलं, दाब घसरला... पुढच्या बाणावर सगळे अडखळतात. ‘बॅरोरिसेप्टर (रक्तवाहिनीतला दाब ओळखणारे संवेदक) उत्तेजित झाले’ असं लिहितात आणि मार्क जातात. दाब घसरला की कॅरॉटिड सायनसची (मानेतल्या धमनीचा, हे संवेदक असलेला भाग) भिंत कमी ताणली जाते, म्हणून तिथून जाणारे संदेश कमी होतात. ते कमी झाले म्हणून मेड्युलाकडून (मेंदूच्या खालच्या भागाकडून) सिम्पथेटिक (हृदय वेगवान करणारं चेताजाळं) वाढतं, व्हेगस (ते मंद करणारी चेता) मंदावतो, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. साखळी मराठीत जमली की प्रत्येक बाणावर इंग्रजी संज्ञा लिहा, कारण पेपर इंग्रजीतच लिहायचा आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी ही पायरी वगळू नये. इंग्रजीत आधी पाठ केलेलं व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एका उलट प्रश्नाने कोसळतं.

प्रॅक्टिकलमध्ये आरबीसी (तांबड्या पेशी) मोजताना न्यूबॉअर चेंबर (चौकोन आखलेली मोजणीची काच) जास्त भरलं किंवा बुडबुडा राहिला, तर पुढची मोजणी फुकट जाते. धुऊन, पुसून पुन्हा भरा. १:२०० पातळ केलेल्या रक्तासाठी ८० छोट्या चौकोनांतल्या पेशी मोजून १०,००० ने गुणायचं. पण हा १०,००० कुठून आला ते मांडता यायला हवं, परीक्षक तेच विचारतात.

बीपी घेण्याची सवय मात्र रोज करा. माणसाला ५ मिनिटं शांत बसवा. हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला हवा. १० सेंटिमीटर खाली लोंबला तरी ७-८ मिमीने जास्त येतं. जाड दंडाला लहान कफ लावला तरी जास्तच येतं. आधी मनगटाची नाडी चाचपत कफ फुगवा, ती नाहीशी होईल तो आकडा लक्षात ठेवा. हवा पूर्ण सोडा, थोडं थांबा, मग स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या ३० मिमी वर न्या. नाडी न चाचपता थेट ऐकायला गेलात तर काही रुग्णांमध्ये आवाज मध्येच गायब होऊन पुन्हा सुरू होतात आणि सिस्टोलिक बरंच कमी नोंदलं जातं. हवा सेकंदाला २ ते ३ मिमीनेच सोडा. पहिला टकटक आवाज सिस्टोलिक, आवाज पूर्ण थांबला तिथे डायस्टोलिक. जर्नलमध्ये सम आकडाच लिहा: पट्टीवरची प्रत्येक बारीक रेघ २ मिमीची असते, त्यामुळे १२५ असं रीडिंग दिसलं की ते अंदाजाने टाकलंय हे परीक्षकाला लगेच कळतं.