साखर चढलेली आणि उलटी काळी: अ‍ॅसिडिटी समजून घरी थांबू नका

मधुमेह्याला उलट्या सुरू झाल्या की घरात हमखास कुणीतरी म्हणतं, 'पोटात काही नाही, आज इन्सुलिन नको.' इथेच घात होतो. इन्सुलिन बंद पडलं की शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साठतात. वाढलेली साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते, उरलंसुरलं उलट्यांत जातं आणि रक्तदाब घसरतो.

अन्ननलिकेच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा मुळातच बेताचा. तो आटला आणि त्याच वेळी मंदावलेल्या जठरातलं आम्ल वर येत राहिलं, तर आतलं अस्तर मरून काळं पडतं. यालाच 'काळी अन्ननलिका' म्हणतात. एन्डोस्कोपीत (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीत) हा काळेपणा गोलाकार दिसतो आणि जठर सुरू होतं तिथे एकदम संपतो. हा आजार क्वचितच होतो, बहुधा उतारवयातल्या पुरुषांना; पण झाला तर जिवावर बेततो.

उलटीचा रंग उजेडात बघा. कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी, चिकट संडास, छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, यातलं एकही दिसलं तर तोंडाने काहीही देऊ नका. पाणी नाही, गोळी नाही. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी होते, उलटी अशी होत नाही. १०८ ला फोन करा आणि आयसीयू व एन्डोस्कोपी दोन्ही असलेलं रुग्णालय गाठा.

उलटी साधी असेल तर दर दोन ते चार तासांनी साखर तपासा, घोट घोट पाणी द्या. जेवण नसलं तरी दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन चालूच ठेवा. मात्रेबद्दल डॉक्टरांना फोनवर विचारा. रक्तातले कीटोन लिटरमागे ३ मिलिमोल किंवा त्याहून जास्त, अथवा लघवीच्या पट्टीवर '++' (दोन अधिक) आले, श्वास खोल आणि जलद झाला, तर लगेच निघा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर २०० च्या आत असूनही कीटोन वाढू शकतात. ही गोळी आजारपणात थांबवतात. चालू असल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. दारू आणि रक्त पातळ करणारी औषधंही लपवू नका.

रुग्णालयात आधी सलाईन. पोटॅशियम बघून मगच शिरेतून इन्सुलिन, साधारण किलोमागे ताशी ०.१ युनिट, कारण पोटॅशियम फार कमी असताना इन्सुलिन दिलं तर ते आणखी घसरून हृदयाचे ठोके बिघडतात. सोबत आम्ल रोखणारं इंजेक्शन, आणि तोंडाने खाणं-पिणं बंद. नाकातून नळी शक्यतो टाळतात, कारण मऊ पडलेली अन्ननलिका फाटू शकते. नातेवाइकांनी 'थोडा चहा तरी' म्हणून कप पुढे करू नये.

बरं झाल्यावर पुन्हा एन्डोस्कोपी करून अस्तर भरल्याची खात्री करतात. काही आठवड्यांनी भाकरीचा घास छातीत अडकायला लागला, तर अन्ननलिका आकसत असू शकते. अशा वेळी नुसती पेज-भात खाऊन दिवस काढू नका. फुग्याने ती रुंद करता येते.